मुन्शी घाट आणि घरचे मावंदे

मराठीत 'मावंदे' नावाचा एक जुना शब्द आहे. मोल्सवर्थच्या कोशात तो सापडतो, आणि काशीहून आलेला तांब्याचा गडू ज्या घरांच्या देवघरात अजून जपून ठेवलेला आहे त्या घरांतील वृद्ध स्त्रियांच्या तोंडी तो अद्याप क्वचित ऐकू येतो. तीर्थयात्रा, विशेषतः काशीची यात्रा, निर्विघ्नपणे पार पाडून मनुष्य घरी परतला म्हणजे बरोबर आणलेल्या गंगेचे पूजन करावयाचे, ब्राह्मण-सवाष्णींना, सोयऱ्याधायऱ्यांना व आळीतील शेजाऱ्यापाजाऱ्यांना पुरणावरणाचे जेवण घालावयाचे आणि ईश्वराने सुखरूप परत आणले याबद्दल त्याचे ऋण मानावयाचे, या समारंभाचे नाव मावंदे. जाण्यापेक्षा येण्याचा सोहळा मोठा मानणाऱ्या आपल्या पूर्वजांच्या मनात प्रवासाविषयी केवढी धास्ती असली पाहिजे, याची कल्पना या एका शब्दावरून यावी.

'इतिहासावर काही तरी लिहा, पण फार रुक्ष नको,' अशी या स्मरणिकेच्या संपादक मंडळींची आज्ञा झाली, तेव्हा आम्ही हाच शब्द हाती धरण्याचे ठरविले. या मंडळाचे सभासद आपण सारे घरापासून दूर राहणारे. वर्ष दोन वर्षांतून एकदा, बहुधा हिवाळ्यात, साठविलेली रजा खर्ची घालून आपण 'घरी' जातो आणि पुन्हा 'घरी' येतो. या दोन घरांपैकी खरे कोणते, हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाला केव्हा ना केव्हा पडलेला आहे. काशीच्या वाटेवरील मराठी माणसांना तो दोन-तीनशे वर्षांपूर्वीही पडत होता, हे प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे.

वाराणसीस दशाश्वमेध घाटावरून गंगेच्या काठाकाठाने दक्षिणेकडे चालू लागले, की शीतला घाट लागतो, मग अहिल्याबाई घाट आणि त्याला लागूनच मुन्शी घाट. त्यापुढे दरभंगा घाटाचा तो उंच, बुरुजांचा वालुकाश्माचा महाल. काशीची छायाचित्रे ज्यांनी पाहिली आहेत त्यांनी ही इमारत, नाव ठाऊक नसले तरी, खात्रीने पाहिली आहे. हा घाट बांधविला नागपूरकर भोसल्यांचे एक मंत्री श्रीधर मुन्शी यांनी. घाटाच्या बांधणीचे वर्ष काही ठिकाणी १९१२ असे छापलेले आढळते. ते पटण्यासारखे नाही. तिसरे रघुजी १८५३ च्या डिसेंबरात निपुत्रिक वारले आणि पुढच्याच वर्षी डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. ज्या राज्याचाच मागमूस उरला नाही त्याचा मंत्री अठ्ठावन्न वर्षांनी घाट कोठून बांधणार? ही बांधणी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातलीच मानली पाहिजे. १९१५ साली दरभंग्याच्या महाराजांनी येथील वास्तू विकत घेऊन वाढविली, आणि तेव्हापासून घाटाच्या एका भागास दरभंग्याचे नाव पडले. उरलेल्या भागावर मुन्शींचे नाव मात्र टिकून राहिले. महालाचे आता एक उंची हॉटेल झाले आहे.

घाटांच्या रांगेत राजे आहेत, राण्या आहेत, सरदार आहेत. त्यांत हा एक घाट कारभाऱ्याचा. मुन्शी म्हणजे लिहिणारा, फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा. ज्यांचा जन्म टिपणे लिहिण्यात आणि लिहिलेल्या टिपणांवर पुन्हा टिपणे लिहिण्यात गेला, त्या आमच्यासारख्यांना या घाटाविषयी काहीसे अधिक ममत्व वाटले तर वाचकांनी ते क्षम्य मानावे.

काशी मराठ्यांच्या राज्यात कधीच आली नाही. काशी आणि प्रयाग ही क्षेत्रे आपल्याकडे असावीत ही पेशव्यांची मोठी आकांक्षा होती. ती सफल झाली नाही. १७७५ साली बनारसचा मुलूख अयोध्येच्या नबाबाकडून थेट कंपनीकडे गेला. राज्य मिळाले नाही, परंतु पायऱ्या मिळाल्या. आजचे विश्वनाथाचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी १७८० साली उभे केले. भोसल्यांचा घाट, शिंद्यांचा घाट, पेशवाईतील अमृतरावांच्या नावाने ओळखला जाई तो राजघराण्याचा घाट, नारायण दीक्षित पाटणकरांसारख्या विद्वानाच्या खटपटीने बांधले गेलेले ब्रह्मघाट आणि दुर्गाघाट, हे सर्व परक्या सत्तेखालच्या गावात मराठी पैशाने झाले. बायजाबाई शिंद्यांनी १८३० साली बांधविलेला घाट तर स्वतःच्याच वजनाने नदीत खचला आणि त्याच्या पायथ्याचे एक देऊळ आजही कलते उभे आहे. बांधणारे बहुतेक येथे राहणार नव्हते. दक्षिणेतून सहा महिने चालत आलेल्या आपल्या माणसाला गंगेत उतरताना पाय ठेवायला घट्ट दगड असावा, एवढीच त्या खर्चामागची भावना असली पाहिजे.

आता त्या चालत येणाऱ्या माणसाकडे वळू. यात्रेचा काळ ठरलेला असे. चातुर्मास संपावा, दसरा-दिवाळी व्हावी, नर्मदेचे पाणी उतरावे आणि मग जथा निघावा. थंडीचे महिने हेच चालण्याचे महिने. पुढील पाऊस लागण्यापूर्वी परत पोचले नाही तर चार महिने कोठे तरी परमुलखात अडकून पडावे लागे. एकट्याने कोणी जात नसे. एखादा सरदार, सावकार किंवा लष्कराचा तळ उत्तरेकडे निघाला की यात्रेकरू त्याच्या सावलीला लागत.

मोठ्या माणसांच्या यात्रेची हकीकत कागदोपत्री राहिली आहे. पहिल्या बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई १७३५ च्या फेब्रुवारीत पुण्याहून निघाल्या आणि पुढील वर्षीच्या उन्हाळ्यात परतल्या. पुत्र मोगल बादशाहीशी माळव्यात झुंजत होता, आणि माता त्याच बादशाहीच्या मुलखातून काशी-गयेला चालली होती. उदेपूरच्या महाराण्यांनी आणि जयपूरच्या सवाई जयसिंहाने त्यांचा सन्मान केला. महंमदखान बंगशाने वाटेत रक्षण पुरविले. शत्रूच्या आईच्या पालखीला वाट द्यावी, हा संकेत त्या काळी पाळला गेला हे आम्हांला त्या सर्व राजकारणापेक्षा अधिक उल्लेखनीय वाटते.

पंचवीस वर्षांनी असे घडले नाही. १७६० साली सदाशिवरावभाऊंच्या फौजेबरोबर हजारो यात्रेकरू उत्तरेस गेले. फौज दिल्लीकडे जाते आहे, अब्दालीचे पारिपत्य झाले की तशीच कुरुक्षेत्र, मथुरा, प्रयाग, काशी साधू, असा हिशेब. त्यांत अठरा-एकोणीस वर्षांचा एक तरुण फडणीस आपली आई आणि पत्नी यांना घेऊन गेला होता. तोच पुढे नाना फडणीस म्हणून प्रसिद्धीस आला. पानिपतावरून तो जीव घेऊन परतला, पत्नीही वाचली, आई परत आली नाही. त्या जानेवारीत महाराष्ट्रातील किती घरांतून मावंद्याची तयारी तशीच राहिली असेल, याचा हिशेब कोणत्याही बखरीत नाही.

काशीहून गयेस जाताना कर्मनाशा नावाची नदी आडवी येते. तिच्या पाण्याचा स्पर्श झाला की आजवरचे सारे पुण्य नष्ट होते अशी समजूत. शेकडो कोस चालून जमविलेले पुण्य गुडघाभर पाण्यात गमवावे लागू नये म्हणून यात्रेकरू दुसऱ्याच्या खांद्यावर बसून नदी ओलांडीत. वाहून नेणाऱ्याच्या पुण्याचे काय होई, ही चौकशी कोणी केलेली दिसत नाही. या नदीवर पूल बांधण्याचे काम नाना फडणिसांनी हाती घेतले. त्यांच्या हयातीत ते झाले नाही, पुढे बनारसचे राजा पटनीमल यांनी ते तडीस नेले. ज्याच्या आईची यात्रा पुरी झाली नाही त्याने इतरांच्या आयांसाठी पूल घालावयास घेतला, अशी सांगड घालण्याचा मोह आम्हांला होतो. तसा कागद उपलब्ध नाही. म्हणून मोह येथेच आवरतो.

परतीच्या वाटेवर यात्रेकरूच्या सामानात भर पडे ती एकाच वस्तूची. गंगा. तांब्याच्या किंवा पितळेच्या गडूत पाणी भरावयाचे, झाकणाला डाख लावून तोंड बंद करावयाचे आणि असे गडू कावडीत घालून खांद्यावरून न्यावयाचे. ही कावड जमिनीला टेकवायची नाही, असा कडक नेम काहीजण पाळीत. रामेश्वरची वाळू प्रयागास आणि गंगेचे पाणी रामेश्वरास, अशी दुहेरी यात्रा करणारे तर आसेतुहिमाचल चालत. अहिल्याबाई देशातील अनेक देवस्थानांना गंगेच्या कावडी नियमाने पाठवीत असत. आणि रामेश्वरासाठी आणलेली कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडात रिकामी करणारे एकनाथ महाराज आपल्या सर्वांना बालपणापासून ठाऊक आहेत. हेच एकनाथ काशीशी आणखी एका नात्याने बांधलेले. त्यांच्या भागवताची समाप्ती शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली, काशीतच झाली. मराठीतला एवढा मोठा ग्रंथ महाराष्ट्राबाहेर पुरा झाला, ही गोष्ट परप्रांतीय मराठी मंडळांनी आपल्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखी आहे.

कावडीचा एक उपयोग मात्र शास्त्रात सांगितलेला नाही. मिर्झापूरपासून जबलपूरवरून नागपूरकडे येणारी वाट म्हणजे यात्रेकरूंची सरळ वाट, आणि तीच ठगांची शिकारीची जागा. जबलपूरला बसून ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमनने १८३० नंतरच्या दशकात त्यांच्या जबान्या लिहून ठेवल्या. कोणाला मारू नये याविषयी ठगांचे काही निषेध होते. गंगेचे पाणी घेऊन जाणारा कावडीवाला त्यांत येई. अट एवढीच, की त्याच्या भांड्यांत खरोखर गंगा भरलेली असावी. गडू रिकामे असतील तर त्याला ती सवलत नसे. म्हणजे काशीकडे जाणारा यात्रेकरू धोक्यात आणि काशीहून येणारा त्यामानाने सुरक्षित! आमच्या खात्यातील कित्येक नियमांपेक्षा हा नियम स्पष्ट शब्दांत लिहिलेला आहे.

कावडीची सर्वांत हृदयंगम हकीकत आपल्याला दिली ती विष्णुभट गोडसे वरसईकर यांनी. पेण तालुक्यातील वरसई गावचा हा तिशीचा भिक्षुक. घरात कर्ज, आई-वडील थकलेले. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असून दक्षिणा भरपूर मिळेल, ही वार्ता कानी आली, म्हणून चुलते रामभट यांच्यासह तो १८५७ साली उत्तरेस निघाला. वर्ष लक्षात घ्या. महूच्या सुमारासच बंडाची बातमी आडवी आली. परत फिरावे की पुढे जावे, याचा निर्णय त्यांनी पुढे जाण्याचा केला. मग ग्वाल्हेर, झाशी. १८५८ च्या एप्रिलात सर ह्यू रोजच्या फौजेने झाशी घेतली तेव्हा हे दोघे शहरात होते. कत्तल, लूट, आग, पाण्याचा दुष्काळ, सारे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. मिळविलेली दक्षिणा लुटारूंनी नेली. पुढे काल्पी, ब्रह्मावर्त, अयोध्या असे फिरत विष्णुभट काशीस पोचला.

अशा वेळी एखाद्याने नशिबाला बोल लावीत रिकाम्या हातांनी वरसईची वाट धरली असती. विष्णुभटाने काशीस गंगा भरली आणि कावड खांद्यावर घेतली. पैका मिळवून कर्ज फेडावे म्हणून निघालेला मुलगा सुमारे अडीच-तीन वर्षांनी गावी आला तो पाण्याचे गडू घेऊन, आणि त्या गंगेने त्याने आईबापांना स्नान घातले. घरच्यांनी त्याच्या जिवाची आशा बहुतेक सोडलेली होती. 'माझा प्रवास' या त्याच्या हकीकतीचे वाचक झाशीच्या प्रकरणावर थांबतात. इतिहासाच्या दृष्टीने ते योग्यही असेल. आम्ही मात्र जेव्हा जेव्हा तो ग्रंथ हाती घेतो तेव्हा शेवटाकडून उघडतो. चिंतामणराव वैद्यांनी तो लेखकाच्या मृत्यूनंतर १९०७ साली प्रसिद्ध केला, पण बऱ्याच फेरफारांसह. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांच्या संपादनाखाली १९६६ साली निघाली. घेणाऱ्यांनी ही दुसरी घ्यावी.

सर्वच परतत नसत, आणि परतावे अशी सर्वांची इच्छाही नसे. 'काशीवास' हा शब्द त्यांच्यासाठी. म्हातारपणी येथे येऊन राहायचे ते देह ठेवण्यासाठीच. राज्ये गेलेल्यांचाही हाच आश्रय. दुसऱ्या बाजीरावांचे बंधू चिमाजीअप्पा येथे येऊन राहिले आणि त्यांच्या पदरी असलेल्या मोरोपंत तांब्यांच्या कन्येचे नाव मणिकर्णिका ठेवले गेले. तीच झाशीची राणी लक्ष्मीबाई. पुढच्या पिढ्यांना काशी हेच घर झाले. संस्कृत पाठशाळेतील ज्योतिर्विद बापूदेव शास्त्री याच परंपरेतले, आणि काशीतच १८८३ मध्ये जन्मलेले बाबूराव विष्णू पराडकर यांनी तर 'आज' दैनिकाचे संपादक म्हणून हिंदी वृत्तपत्रसृष्टीला भाषा घडवून दिली. घरात मराठी, दारात हिंदी. यांना मावंद्याची गरज उरली नव्हती. घरून कोणी येथे आले, तर यांच्या ओसरीवर उतरत असे.

सोडमुंजीत बटू काशीला निघतो आणि मामा 'माझी मुलगी देतो' म्हणून त्याला परत वळवितो, हा आपल्याकडील गमतीचा विधी सर्वांनी पाहिलेला आहे. परत न येण्याची भीती किती खोल होती, ते या थट्टेतही दिसते.

रेल्वेने ही भीती एका दशकात संपविली. १८७० च्या मार्चमध्ये जी.आय.पी. आणि ईस्ट इंडियन या दोन रेल्वे जबलपूरला जोडल्या गेल्या; १८८७ मध्ये काशीजवळ गंगेवर डफरिन पूल झाला, ज्याला १९४८ पासून मालवीय पूल म्हणतात. सहा महिन्यांची वाट तीन दिवसांवर आली आणि पुढे दीड दिवसावर. मुंबईहून निघालेली महानगरी एक्सप्रेस इटारसी, जबलपूर, सतना करीत सुमारे दीड हजार किलोमीटर अंतर तोडून दुसऱ्या दिवशी वाराणसीस पोचते. मावंदे मात्र टिकले. धोका गेला तरी कृतज्ञता राहिली, ही समाधानाची बाब म्हणावी. किंवा पुरणाचे जेवण सोडण्यास कोणी तयार नव्हते, असेही कोणी म्हणेल.

येथवर इतिहास झाला. आता थोडे घरचे.

मागील हिवाळ्यात नोव्हेंबरच्या अखेरीस अमेरिकेत असलेली आमची कन्या आठ दिवसांसाठी घरी आली. तेथील थँक्सगिव्हिंगची सुटी तिने रजेला जोडली होती. १६२१ साली प्लिमथच्या वसाहतवाल्यांनी पहिले पीक हाती आल्यावर तेथील मूळ रहिवाशांसह भोजन केले, ही त्या सणाची मूळ कथा. १८६३ मध्ये यादवी युद्ध चालू असता लिंकनने त्याला राष्ट्रीय रूप दिले आणि १९४१ च्या कायद्याने नोव्हेंबरचा चौथा गुरुवार कायम झाला. त्या दिवसांत सारा देश आपापल्या आईबापांच्या घरी जाण्यासाठी रस्त्यावर असतो, असे ती सांगत होती. आमच्या मातोश्री, वय वर्षे ब्याऐंशी, भाजी निवडीत ऐकत होत्या.

"आजी, ते त्यांचं मावंदंच समज," कन्या म्हणाली.

"मग ते कुठून परत आले होते?"

"परत नव्हते आले. नव्या ठिकाणी पोचले होते."

"हो का," मातोश्री म्हणाल्या. "मग तेही जिवंत पोचले म्हणूनच ना?" आणि थोड्या वेळाने, "मला काशीला ने."

वडिलांना जाऊन तेव्हा चौदा महिने झाले होते. काशीला नेण्याचे त्यांनी आईला चाळीस वर्षांपूर्वी कबूल केलेले होते. डिसेंबरात आम्ही, आमचे कुटुंब, मातोश्री आणि धाकटे चिरंजीव असे चौघे निघालो. दशाश्वमेधाजवळच्या एका धर्मशाळेत उतरलो. पहाटे धुके इतके, की पायरीवरून नदी दिसत नव्हती, ऐकू येत होती. दशाश्वमेधावरची गर्दी टाळून नावाड्याने मुन्शी घाटाला नाव लावली. पाणी उतरल्यामुळे पावसाळ्यात बुडणाऱ्या पायऱ्या मोकळ्या होत्या. मातोश्रींनी आमच्या हाताला धरून तीन बुड्या मारल्या आणि वर आल्यावर, हा घाट कोणाचा म्हणून विचारले. नागपूरच्या माणसाचा म्हणताच त्यांचा चेहरा उजळला. आम्ही वर्धा जिल्ह्यातले.

खरे सांगावयाचे तर आम्हांला एक काळजी होती. या वयात, वडिलांच्या पश्चात, त्या काशीवासाची गोष्ट काढतील की काय? त्या दिवशी दुपारी ऊन पडले, पलीकडची वाळू दिसू लागली, हिवाळी पाहुणे पक्षी नावांभोवती शेवेसाठी ओरडू लागले. मातोश्री बराच वेळ पायरीवर बसल्या आणि मग त्यांनी विचारले ते वेगळेच.

"अरे, मावंदं कुठं करायचं?"

सरकारी नोकराच्या सेवापुस्तकात स्वग्रामाची नोंद करावी लागते. रजेतील प्रवासाची सवलत त्या नोंदीवर मिळते आणि ती नोंद साऱ्या नोकरीत एकदाच, तीही सबळ कारण असेल तर, बदलता येते. आमच्या पुस्तकात वर्धा जिल्ह्यातील आमचे खेडे तीस वर्षांपासून लिहिलेले आहे. तेथील घराला कुलूप आहे. आम्ही राहतो ते सरकारी निवासस्थान; त्याच्या एका बाजूस बंगाली कुटुंब, दुसऱ्या बाजूस तमिळ, आणि निवृत्तीनंतर ते सोडावयाचे. मातोश्रींना हे सर्व ठाऊक होते. म्हणूनच त्यांनी विचारले.

"गंगा घेऊन कुलपापुढं उभी राहू का मी?" त्या म्हणाल्या, आणि आम्ही काही उत्तर देण्यापूर्वीच त्यांचे ठरले, "राहीन. कुलूप म्हणजे काही नदी नाही."

ठठेरी बाजारात तांब्याचे दोन गडू घेतले, घाटावर भरले, डाख देऊन बंद करविले. कालभैरवाचे काळे गंडे आणि नातीच्या लग्नात लागेल म्हणून एक लहानशी पितळी अन्नपूर्णा घेतली. परतीची गाडी धुक्यामुळे सात तास उशिरा सुटली. फलाटावरील बाकावर घोंगडी पांघरून बसलेल्या मातोश्रींनी गडू मांडीवर घेतले होते; खाली टेकवायचे नाहीत. हमालाने दोनदा आणि चिरंजीवांनी चारदा विनंती केली, उपयोग झाला नाही. इटारसीनंतर धुके विरळ झाले आणि कापसाची शेते दिसू लागली तेव्हा त्यांनी एक गडू आमच्या हाती दिला.

गावी पोचल्यावर वेशीवरील मारुतीपाशी थांबलो. वाजंत्री नव्हती. शेजारच्या सूनबाईंनी पायांवर पाणी घातले आणि भाकरतुकडा ओवाळून टाकला. दार फुगलेले, कुलूप तेलाशिवाय उघडेना. भांडी शेजारून आली. पुरण शेजारच्या घरात शिजले आणि जेवणे आमच्या ओसरीवर झाली. पंगतीला अकरा माणसे होती. त्यांत वडिलांचे चुलतबंधू, वय नव्वद, ज्यांना आता खाटेवरून उठवत नाही. त्यांना खाटेसकट आणले. मातोश्रींनी पदर सावरून गडू उघडला आणि पहिले तीर्थ दिराच्या हातावर घातले. "वहिनी, तुम्ही परत आलात," एवढेच ते म्हणाले. मग ते आमच्या वडिलांचे लहानपणीचे नाव घेऊन तो कोठे बसला आहे म्हणून विचारू लागले. मातोश्रींनी शांतपणे सांगितले, की ते आतल्या खोलीत जेवताहेत.

दोन दिवसांनी घर पुन्हा बंद केले. कुलूप नवे घेतले. किल्ली या वेळी शेजारी ठेवली, आठवड्यातून एकदा दार उघडून झाडावे या बोलीवर.

दुसरा गडू आमच्याबरोबर येथे आला. तो उघडला गेला आपल्या मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. मातोश्रींनीच तसे सुचविले: गावाकडचे एक मावंदे झाले, येथले राहिले. बातमी पसरली आणि आमच्या शेजारच्या बंगाली व तमिळ भगिनीही आल्या. ज्यांनी घरून वाटी आणलेली नव्हती त्यांनी मंडळाच्या चहाच्या पेल्यांतून गंगा नेली. त्यांपैकी सहा पेले अद्याप परत आलेले नाहीत, हे व्यवस्थापक समितीच्या माहितीसाठी येथे नमूद करतो.